तुमचे प्रश्न : कन्सोलवरील रशियन अक्षरे

प्रश्न : नव्वदच्या दशकातील काही रशियन मजकूर-फायली माझ्या संग्रही आहेत. त्या विंडोज-१२५१ या विंडोजच्या सिरिलिक (रशियन लिपीच्या) एन्कोडिंगमधील आहेत असे धरून मी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर केले. परंतु लिनक्सच्या कन्सोलवर (केवळ मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावर) काही फायलींत निरर्थक सिरिलिक अक्षरे दिसतात, तर काहींत बरीचशी चिन्हेच. शिवाय ५१२ आकृत्यांचा फॉन्ट चढवल्यापासून उजळ रंग नाहीसे झाले आहेत. कारण काय असावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. एखादा बाइट कोणत्या अक्षराचा, हे एन्कोडिंग ठरवते. त्या अक्षराची आकृती पडद्याकडे आहे की नाही, हे फॉन्टवर अवलंबून असते.

पहिल्या अडचणीचे मूळ त्या गृहीतकात आहे. ज्या फायलींत शब्दाचे पहिले अक्षर लहान आणि पुढची सारी मोठी दिसतात, त्या बहुधा कोई८-आर मधील असतील. आंद्रेई चेर्नोव यांनी १९९३ मध्ये आरएफसी १४८९ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाद्वारे नोंदवलेल्या या एन्कोडिंगमध्ये अक्षरे रशियन वर्णक्रमाने न लावता शक्यतो रोमन उच्चारांच्या जोडीने लावलेली आहेत. त्यामुळे जुन्या टपालयंत्रणेने आठवा बिट गाळला, तरी मजकूर रोमन लिपीत बऱ्यापैकी वाचता येत असे. चिन्हांनी भरलेल्या फायली मात्र डॉस या जुन्या प्रणालीच्या सीपी८६६ एन्कोडिंगमधील असण्याचा संभव अधिक. आयकॉन्व्ह या रूपांतर करणाऱ्या आज्ञेला मूळ एन्कोडिंगचे योग्य नाव दिले की दोन्ही सुधारतील.

सीपी८६६ मध्ये लहान अक्षरांची रांग मध्येच तुटलेली आहे, कारण चौकटी आखण्याची रेषा-चिन्हे आयबीएमच्या मूळ जागी राखणे तिच्या कर्त्यांना आवश्यक वाटले, आणि माझ्या मते ते शहाणपणाचे होते. याचे कारण असे : व्हीजीए या पीसीच्या जुन्या पडदा-यंत्रणेच्या मजकूर-पडद्यावर अक्षराचा रकाना ९ ठिपके रुंद असतो, पण फॉन्टमधील आकृती ८ ठिपक्यांचीच. नववा ठिपका एरवी कोरा राहतो, मात्र १९२ ते २२३ या क्रमांकांसाठी तो आठव्याची नक्कल करतो, म्हणजे आडव्या रेषा सलग जुळतात. कोई८-आर ची लहान अक्षरे नेमकी याच पट्ट्यात येतात. म्हणून त्या क्रमाने रचलेला फॉन्ट थेट चढवला, तर आठव्या ठिपक्यापर्यंत पोहोचणाऱ्या अक्षरांना शेपूट फुटते आणि चौकटींच्या आडव्या रेषांना भेगा पडतात. फ्रीबीएसडी या युनिक्स-वंशीय प्रणालीच्या जुन्या कन्सोलवर यासाठीच मजकूर कोई८-आर मध्ये ठेवून फॉन्ट सीपी८६६ च्या क्रमाचा घेत, आणि मध्ये क्रमांक बदलणारा तक्ता बसवत. आजच्या फ्रेमबफर कन्सोलवर आकृत्या ठिपक्यांनी रंगवल्या जात असल्याने ही कसरत लागत नाही.

उजळ रंगांचे कारण साधे आहे. प्रत्येक अक्षरासोबतच्या रंग-बाइटमधील उजळपणाचा बिट, आकृत्या २५६ हून अधिक असल्यास, ‘दुसऱ्या संचातील आकृती’ दाखवण्यासाठी वापरला जातो. त्यामुळे अक्षरांसाठी १६ ऐवजी ८ रंग उरतात. आपणांस केवळ रशियन आणि साधे इंग्रजी वाचायचे असेल, तर सेटफॉन्ट या आज्ञेने २५६ आकृत्यांचा सिरिलिक फॉन्ट चढवावा. फ्रेंच किंवा जर्मन मजकूरही त्याच पडद्यावर हवा असेल, तर मात्र ५१२ चाच ठेवून उजळ रंगांवर पाणी सोडावे लागेल.