नॉमिनी तुम्ही आहात, पण सहा लाख तुमच्या एकट्याचे नाहीत

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून थोरल्या मुलाचं पत्र आलंय. वडील दिवाळीनंतर पक्षाघाताने गेले, वय ६१, मृत्युपत्र नाही. मागे आई, आजी (वडिलांची आई), हे स्वतः, पुण्यात नोकरीला असलेला धाकटा भाऊ, सासरी असलेली मोठी बहीण, आणि नवरा गेल्यापासून लेकराला घेऊन माहेरी राहणारी धाकटी बहीण. नऊ एकर कोरडवाहू. त्यातले पाच एकर आजोबांकडून आलेले, चार वडिलांनी विकत घेतलेले. पतसंस्थेत ६ लाखांची ठेव, नॉमिनी पत्र लिहिणारे. ते विचारतात, “ही ठेव आत्ताच मोडून पेरणीआधी चार एकरांत विहीर खोदू का? नॉमिनी मीच आहे, आणि बहिणींनी तेरवीलाच स्टॅम्प पेपरवर सह्या करून दिल्या आहेत. गावातले म्हणतात, थोरला आहेस, सगळं तुझ्याच नावावर करून घे.”

भाऊ, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. या पैशातून यंदा विहीर खोदू नका. पाण्याविना कोरडवाहू पऱ्हाटी (कपाशी) काढणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. एक हंगाम पुढे ढकलणं तुम्हाला जड जाणार, हेही कळतं. तरीही नको. कारण ते पैसे अजून तुमचे झालेले नाहीत, आणि विहीर ज्या वावरात खोदायची ते वावरही अजून तुमचं झालेलं नाही.

नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात पतसंस्था पैसे देऊन मोकळी होते तो माणूस. मक्त्याने (भाड्याने) केलेलं वावर आपण नांगरतो, पेरतो, राखतो, पण त्याचा धुरा (बांध) आपला होत नाही. नॉमिनीचं तसंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या पैशाबाबत हे सांगितलं आणि २०२३ मध्ये शेअर्स व म्युच्युअल फंडांबाबतही तेच म्हटलं. पैसे घ्यायचा हक्क नॉमिनीचा, पण मालकी वारसांची. एक अपवाद तुमच्या घरात आहे. एलआयसीच्या २ लाखांच्या पॉलिसीवर आई नॉमिनी आहे, आणि विमा कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते पैसे त्यांचेच धरले जातात. म्हणून ते २ लाख आईचे. त्यांना घरखर्चात किंवा देण्यात ओढू नका, आईच्या खात्यात जाऊ द्या.

बाकीच्या मालमत्तेचे तुम्ही आज कारभारी आहात. मृत्युपत्र नसताना हिंदू वारसा कायद्याप्रमाणे (१९५६) बायको, आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. तुमच्या पत्रात आजीचा उल्लेख फक्त “घरात आजीही आहे” एवढाच आहे. ती पहिल्या वर्गातली वारस आहे, तुमच्या आईच्या आणि तुमच्या बरोबरीची. म्हणजे वाटे सहा.

आता तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून हिशोब मांडू. ठेव ६ लाख. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यात बाबा गेले त्या दिवशी १ लाख १२ हजार होते. बाबांच्याच पेऱ्यातला कापूस तुम्ही नंतर विकला, त्याचा चुकारा (विक्रीचे पैसे) मजुरी वजा जाऊन १ लाख ९० हजार. एकूण ९ लाख २ हजार. आता देणी. दवाखान्याचे १ लाख ३० हजार, जे धाकट्या भावाने स्वतःच्या बचतीतून भरले. अंत्यविधी आणि तेरवीचे ९० हजार. सालदाराचे (सालभरासाठी ठेवलेल्या गड्याचे) बाबा असतानाचे दोन महिन्यांचे थकलेले २४ हजार. सेवा सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचं पीककर्ज १ लाख ६० हजार. कृषी केंद्राची उधारी ३८ हजार. काकांचे हातउसने १ लाख. बेरीज ५ लाख ४२ हजार. उरतात ३ लाख ६० हजार, सहा वाटे केले तर प्रत्येकी ६० हजार. व्याजाने आकडा थोडा वरखाली होईल. पण ज्या ६ लाखांवर तुम्ही विहिरीचा बेत आखलाय, त्यातले तुमचे साधारण ६० हजार आहेत.

देणी फेडायचा क्रम कायद्यानेच घालून दिलाय. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ म्हणतो की आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा दवाखाना. मग कोर्टकचेरीचा खर्च. मग मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली मजुराची, गड्याची मजुरी. आणि त्यानंतर बाकीची देणी. “वाजवी” हा शब्द ध्यानात ठेवा. तेरवीचे ९० हजार सगळ्यांना मान्य असतील तर ठीक, पण ते सहा जणांच्या वाट्यातून जातायत, म्हणून विचारून घ्या. आणि सालदाराला थांबवू नका. पत्रात तुम्ही लिहिलंय की त्याला पाडव्याला साल भरताना देऊ. त्याचा हक्क बँकेच्या आणि काकांच्या आधीचा आहे, शिवाय त्याच्या घरी दुसरा चुकारा येणार नाही.

यासाठी ठेव आज मोडायची गरजच नाही. कापसाच्या १ लाख ९० हजारांतून सालदाराचे २४ हजार आणि पीककर्जाचे १ लाख ६० हजार भागतात. पीककर्ज मुदतीतच भरा. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याजाचा भार उरत नाही. मुदत चुकली की ही सवलत गेली. बँकेतून निघालेल्या पैशातून कृषी केंद्राचे ३८ हजार द्या, पण आधी बाबांच्या नावची पक्की बिलं मागा आणि खतं-बियाणांच्या पिशव्या बिलाशी जुळवून बघा. दुकानदाराने “आता तुझ्या नावाने चिठ्ठी कर” म्हटलं तर सही करू नका. बाबांच्या मालमत्तेतून जेवढं मिळालं त्याच्यापलीकडे बाबांच्या कर्जाला वारस बांधील नसतो. पण स्वतःच्या नावाने लिहून दिलंत की ते तुमचं कर्ज होतं.

काकांच्या १ लाखाला चिठ्ठी नाही. किती वर्षांपूर्वीचे आहेत ते विचारा, कारण तोंडी उसनवारीचा दावा साधारण तीन वर्षांत मुदतबाह्य होतो. बाबांनी घेतले हे आईला माहीत असेल तर मी म्हणेन द्या. फक्त सहाही वारसांच्या लेखी संमतीने, आणि काकांकडून पावती घेऊन.

ठेवीची मुदत आषाढात संपते असं तुम्ही लिहिलंय. तोवर राहू द्या, व्याज बुडवू नका. पण मुदत संपल्यावर पुन्हा त्याच पतसंस्थेत गुंतवू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पैसे निघाले की आई आणि तुम्ही मिळून एक वेगळं जोडखातं उघडा आणि बाबांचा प्रत्येक रुपया त्याच खात्यातून फिरू द्या. त्यातून धाकट्या भावाचे १ लाख ३० हजार आणि काकांचे पैसे द्या. तेरवीत तुमच्या खिशातून गेलेले ५० हजारही घ्या. हो, तुमचेही घ्या. कारभाऱ्याने पदरमोड करावी असं कुठे लिहिलेलं नाही, आणि न घेतलेले पैसे पुढे टोमण्यांतून बाहेर येतात.

तेरवीचे उरलेले ४० हजार तुम्ही बाबांच्या एटीएम कार्डाने त्यांच्या मृत्यूनंतर काढलेत. खेड्यात हे सर्रास होतं, पण खातेदार गेल्यावर कार्ड वापरायचा अधिकार कुणालाच नसतो. आता ते कार्ड बंद करा, बँकेला मृत्यूचा दाखला द्या आणि ही रक्कम हिशोबात उघडपणे लिहा. खात्यावर नॉमिनी नाही म्हणून बँकेने वारसा प्रमाणपत्र मागितलं असेल, तर सप्टेंबर २०२५ मध्ये निघालेले रिझर्व्ह बँकेचे निर्देश दाखवा. नॉमिनी नसला आणि वाद नसला तर १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) सोप्या कागदांवर दावा निकाली काढायचा आहे, तोही सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. पीएम किसानचा हप्ता बाबा गेल्यानंतर जमा झाला असेल तर तोही कळवा, तो परत द्यावा लागतो.

आता वावर. वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण पेरणी जाते. सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय खरिपाचं नवं पीककर्ज तुमच्या नावाने मिळणार नाही, आणि विहीर-पंपाच्या अनुदानाच्या योजनांनाही तोच सातबारा लागतो. म्हणून या महिन्यातलं पहिलं काम विहिरीचं नसून हे आहे. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार (नावबदलाची नोंद) मंजूर करतात.

अर्जात सहाही नावं टाका. तुम्हाला कुणीतरी “ए.कु.मॅ. लावून टाका” असं सुचवलंय, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून एकट्या थोरल्याचं नाव. ते करू नका. त्याने कर्ज लवकर मिळेल, पण बहिणींचं नाव सातबाऱ्यावर येणार नाही, आणि दहा वर्षांनी भाचे वकील घेऊन येतील तेव्हा बहिणींनी प्रेमाने सह्या दिल्या होत्या हे कुणाला आठवणार नाही.

त्या सह्यांबद्दल. तेरवीच्या मांडवात, चार पाहुण्यांच्या देखत, रडून थकलेल्या बहिणीपुढे कागद ठेवायचा नसतो. माझं मत कडक वाटेल, पण तसंच आहे. शिवाय तो कागद कायद्यापुढे टिकतही नाही. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. चार एकर बाबांनी घेतलेले, त्यात सहा सारखे वाटे. आजोबांकडून आलेले पाच एकर वडिलोपार्जित ठरले, तर २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा हक्क जन्मापासूनचा. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिलाय. त्या पाच एकरांत वाटे वेगळे पडतात, म्हणून जुने फेरफार वकिलाला दाखवा. मोठ्या बहिणीने सहा महिन्यांनी, नवऱ्याशी बोलून, हिशोब बघून हक्क सोडला तर सोडू द्या. धाकटीकडे मात्र तुम्ही विषयही काढू नका. तिच्या लेकराच्या शाळेला या घरात दुसरा आधार नाही.

आजीच्या वाट्याचं कुणी बोलत नाही, आणि पुढे तंटा तिथेच होतो. आजी गेल्यावर तिचा वाटा तिच्या वारसांकडे जाईल, म्हणजे काका, आत्या, आणि बाबांच्या जागी तुम्ही भावंडं. चार एकरांत एक षष्ठांश म्हणजे २६ गुंठ्यांहून जास्त. तुमची आई त्या यादीत नाही. आजीला हे नीट समजावून सांगा आणि तिला काय वाटतं ते विचारा. तिला मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही. काकांनाही त्या बैठकीला बसवा.

म्हणूनच विहीर थांबवा म्हणतोय. चार एकरांत आज खोदली आणि उद्या वाटणीत तो तुकडा आईच्या किंवा बहिणीच्या वाट्याला गेला, तर पाणी कुणाचं आणि खर्च कुणाचा? आधी वारस नोंद, मग तहसीलदारांकडे संमतीने वाटणी, मग विहीर. आई, तुम्ही आणि धाकटा भाऊ या तिघांचे मिळून १ लाख ८० हजार होतात. तिघांनी लेखी ठरवलं तर पुढच्या उन्हाळ्यात त्यावर अनुदान किंवा कर्ज जोडून काम उभं राहील. आजीच्या आणि बहिणींच्या वाट्याला मात्र हात नको.

कोर्टाने नेमलेल्या कारभाऱ्याला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशोब द्यावा लागतो. तुम्हाला कोर्टाने नेमलेलं नाही, तरी तीच मुदत पाळा. एक वही करा. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले, पावत्या मागे टाचून. दर महिन्याला त्या पानांचा फोटो भावाला आणि दोन्ही बहिणींना पाठवा, आईला आणि आजीला वाचून दाखवा.

चार एकरांच्या खरेदीचा फेरफार आणि ठेवीच्या पावतीची दोन्ही बाजूंची प्रत पाठवा. पावतीवर नॉमिनीच्या रकान्याखाली बारीक अक्षरात अटी असतात, त्या वाचून मुदतीआधी आणि मुदतीनंतर पैसे काढायला पतसंस्थेकडे कोणकोणते कागद द्यावे लागतील ते कळवतो.