डोक्याला मार लागल्यानंतर भाऊ चालतो-बोलतो, पण काहीच करत नाही. हा आळस समजावा का?

तुम्ही लिहिले आहे की दुचाकीवरून पडलेला तुमचा भाऊ चार महिन्यांनी नीट चालतो-बोलतो, सीटी स्कॅनही नॉर्मल आहे, तरी तो दिवसभर बसून राहतो आणि क्षुल्लक कारणावरून चिडतो. मी डॉक्टर नाही. परंतु माझ्या थोरल्या भावाच्या अशाच अपघाताला आता सहा वर्षे झाली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो, कृपया याला आळस म्हणू नका.

डोक्याला जोराचा हिसका बसतो तेव्हा मेंदूतील पेशींचे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात, आणि ही इजा इतकी सूक्ष्म असते की सीटी स्कॅनमध्ये ती पुष्कळदा दिसतच नाही. शिवाय कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत असल्याने कपाळामागच्या भागाला मार बसण्याचा संभव अधिक असतो. काम सुरू करणे, पायऱ्यांचा क्रम लावणे, राग आवरणे ही त्याच भागाची कामे; म्हणून बोलणे शाबूत राहूनही वागणे बदलते.

आमच्याकडे हे चहा करताना ध्यानात आले. दादा आधण ठेवून साखरेचा डबा हातात घ्यायचा आणि पाणी आटेपर्यंत तसाच उभा राहायचा. चहा कसा करतात हे विचारले, तर मात्र सगळी कृती बिनचूक सांगायचा. तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो होतो, आणि त्याची खंत मला आजही आहे. पुढे आईने ओट्यासमोर एक कागद चिकटवला, त्यावर एका ओळीत एकच पायरी लिहिली, आणि आठवडाभरात तो चहा करू लागला.

१८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये फिनियस गेज या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. त्याचा स्वभाव पालटल्याचे पुष्कळांनी वाचलेले असते. पण पुढे त्याने चिलीत कित्येक वर्षे घोडागाडी चालवली, हे क्वचितच सांगितले जाते. रोजच्या कामाला ठरलेली चाकोरी असल्यामुळेच त्याला ते जमले असावे, असे काही अभ्यासक मानतात, आणि मला ते पटते.

म्हणून भावाची उठण्याची, जेवणाची, फिरण्याची वेळ ठरवून द्या, एका वेळी एकच काम सांगा. गोंगाटात त्याचा मेंदू लवकर थकतो, आणि चिडचिड बहुधा त्या थकव्यातूनच येते. त्या वेळी वाद न घालता त्याला शांत खोलीत बसू द्या. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदू आणि वागणूक यांचा संबंध तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून, स्मरण, अवधान आणि नियोजन यांची तपासणी करून घ्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनाच्या आजारांवरील रुग्णालयात ती होते. नैराश्याचा आजारही (डिप्रेशन) असाच दिसू शकतो आणि त्यावर औषध आहे, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. त्यांनी परवानगी देईपर्यंत त्याला गाडी चालवू देऊ नका, दारूपासून दूर ठेवा, आणि फिट आली, डोकेदुखी वाढत गेली किंवा गुंगी येऊ लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.