आजोबांच्या ट्रंकेत छोटा तराजू सापडला. असे जुने तराजू जमवायचे तर सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की वीतभर लाकडी पेटीत पितळी तराजू मिळाला, तो चिंचेने घासून लख्ख करायचाय आणि मग असेच आणखी जमवायचेत. कळकळीने सांगतो, घासू नका. निदान पारड्यांची खालची बाजू नीट बघितल्याशिवाय तर नाहीच.

मी माझा पहिला ताजवा, म्हणजे सोनाराचा तराजू, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला. एका पारड्याच्या पोटाला ज्वारीच्या दाण्याएवढी काळपट लाख चिकटलेली होती. मळ समजून खरवडून काढली. दांडी उचलली, तर तेच पारडं वर गेलं! तो पासंग होता. रिकामी पारडी समपातळीत राहावीत म्हणून कुणा सोनाराने बसवलेला. 'पासंगालाही पुरत नाही' असं आपण येता-जाता म्हणतो. खरा पासंग हाती आला आणि मी तो घालवला. अजून हळहळ वाटते.

विकत घेताना चालवून बघा. रिकामी पारडी सरळ राहिली एवढ्यावर भागत नाही. दोन्हीकडे वजनं ठेवून काटा जुळवा, मग डावीकडचं वजन उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे करा. आता दांडी कलली, तर तिच्या दोन बाजू सारख्या लांबीच्या नाहीत. शोभेसाठी नव्याने बनवून जुनाट रंग दिलेले तराजू बाजारात भरपूर आहेत. त्यांत बरेचसे इथेच उघडे पडतात.

पेटीतली वजनं वेगळी करू नका, गुंजाही (सोनार वजन म्हणून वापरायचे त्या लाल-काळ्या बिया) टाकू नका. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. हा तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्लीचा १० ग्रॅमचा नव्हे. राणीछाप चांदीचा रुपयाही तोळाभराचाच, म्हणून तो वजन म्हणूनही चालायचा. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि हे सगळं हळूहळू माळ्यावर गेलं. गुंजा मात्र लहान मुलांपासून लांब ठेवा, आतला गर विषारी असतो.

दोरे कुजले असतील तर दोन्हीकडे सारख्याच वजनाचे रेशमी दोरे घाला, नाहीतर तोल पुन्हा बिघडेल. आणि पेटीला हळदीकुंकवाचा डाग असेल तर राहू द्या. लक्ष्मीपूजनाला तराजूचीही पूजा होते. तुमच्या आजोबांचं बोट त्या जागी टेकलेलं असेल.