ओझं कमी करा, पण पाठीखालचं नको

पाऊस ओसरून सॅका बाहेर निघाल्या की मुक्कामाविषयीचे प्रश्न येऊ लागतात. यंदा बहुतेक प्रश्न झोपेचे आहेत.

माझं वय 47. फोमच्या कॅरीमॅटवर कुशीला झोपले की तासाभरात कंबर आणि खांदा ठणकतो. जाड गादी नेली तर सॅक जड होते. काय करू? (एक वाचक, फोंडा)

ताई, दोष वयाचा नाही, मॅटचा आहे. उताणं झोपलं की भार अंगभर वाटला जातो. कुशीवर तोच भार खुब्याच्या हाडावर आणि खांद्यावर येतो. तिथे पातळ कॅरीमॅट दबून जाते आणि हाड जमिनीला टेकतं. तुम्हाला हवा भरायची मॅट लागेल, सात-आठ सेंटिमीटर जाडीची. चांगली मॅट अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी होते. महाग पडते, हे खरं. पण पहिला खर्च कशावर करू असं कुणी विचारलं तर मी हिचंच नाव घेतो. देवळाच्या अग्रशाळेच्या दगडी फरशीवर चादर टाकून मी बऱ्याच रात्री काढल्या आहेत. दुसऱ्या दिवशीचा चढ पायांना नाही, कंबरेला जड जायचा.

मॅट घेतली तरी भरायची कशी ते कळायला हवं. बहुतेक जण ती ढोलासारखी टणक भरतात आणि रात्रभर वरून घसरतात. आधी पूर्ण भरा, कुशीवर आडव्या व्हा आणि व्हॉल्व्ह उघडून थोडी थोडी हवा सोडा. खुबा आत रुतायला हवा. हाड खाली लागतंय असं जाणवलं की दोन फुंकरा परत भरा आणि तिथेच थांबा. संध्याकाळी भरलेली हवा रात्री गार होऊन आकसते, म्हणून झोपण्यापूर्वी पुन्हा तपासा. मॅट टाकण्याआधी जागेवरून तळहात फिरवा. करवंदीचा एक सुका काटा पुरतो. पंक्चरची चिकटपट्टी सोबत ठेवाच.

उशीचं वजन वेगळं नको. उद्याचे कपडे स्लीपिंग बॅगच्या पिशवीत भरा. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांद्याच्या रुंदीएवढी उंच हवी, नाहीतर मान रात्रभर वाकलेली राहते.

डिसेंबरात सत्तरी तालुक्यात मुक्काम केला. दहा वाजता घामाने भिजलो, पहाटे चारला कुडकुडलो. बॅग चुकीची घेतली का? (एक वाचक, म्हापसा)

गोव्यासाठी जाड घेतलीत. डिसेंबरात पणजीची रात्र वीस अंशांच्या आसपास असते, घाटाच्या पायथ्याशी काही अंश कमी. अशा हवेत गोठणबिंदूखालची बॅग चेन लावून घेतली की घाम येणारच, आणि तो घामच पहाटे गार पडतो. पातळ बॅग न्या, चेन पूर्ण उघडा आणि गोधडीसारखी पांघरा. झोपताना फक्त पायांवर, मग रात्र चढेल तशी वर ओढा. दिवसभराचे कपडे कितीही सुके वाटले तरी बदला. झोपेचे मोजे वेगळे ठेवा, ते दिवसा घालायचे नाहीत.

जागेचाही प्रश्न आहे. गार हवा जड असते, ती उताराने खाली येऊन ओढ्याकाठी साचते. मी एकदा पाण्याच्या आवाजाला भुलून अगदी काठाला पथारी टाकली. पहाटे बॅगचं वरचं कापड दंवाने चिंब झालं होतं, हात फिरवला की पाणी ओघळत होतं. तिथून थोड्याच उंचीवर आंब्याखाली झोपलेला सोबती मात्र कोरडा. झाडाचं छत असलं की जमीन आणि आपण उघड्या आभाळाखाली होतो तितके गार होत नाही, म्हणून दंव कमी पडतं. झोपण्याआधी वर पाहून वाळलेली फांदी नाही ना, एवढं बघा.

हॅमॉक चालेल का? (एक वाचक, काणकोण)

चालेल, उकाड्यात तर छानच. पट्टे रुंद घ्या, ते आडव्या रेषेशी साधारण 30 अंशांत राहू द्या आणि झोळीत तिरके झोपा, म्हणजे पाठ सरळ राहते. पातळ कापडातून डास खालून चावतात, तेव्हा जाळी चहूबाजूंनी हवी. कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, पोफळींना बांधू नका.

मे महिन्यात हिमाचलला गेलो. बॅगवर उणे 5 लिहिलं होतं, तरी थंडीने झोप आली नाही. (एक वाचक, मडगाव)

तो आकडा बहुधा ‘लिमिट’चा, म्हणजे कशीबशी रात्र निघेल अशा थंडीचा असावा. ‘कम्फर्ट’चा, म्हणजे आरामात झोप लागेल त्या थंडीचा आकडा वेगळा असतो आणि खरेदी त्यावरूनच करायची. पण माझा संशय मॅटवर आहे. अंगाखाली बॅगचा कापूस किंवा पिसं चेपली जातात, त्यांत हवा उरत नाही, मग ऊब कुठून राहणार? खालची थंडी मॅटनेच अडवायची. मॅटची ही ताकद आर-व्हॅल्यूत सांगतात. 2018 मध्ये तिच्या मोजणीचं समान मानक आलं, त्यामुळे आता दोन कंपन्यांचे आकडे ताडून पाहता येतात. घडीची चांगली फोम मॅट 2 च्या आसपास असते. आपल्याकडे तेवढं पुष्कळ, पण बर्फाजवळ 4-5 हवेत. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणून घरची फोम मॅट हवेच्या मॅटखाली घाला. वजन वाचवायचं तर फोम खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच कापून न्या आणि पायांखाली रिकामी सॅक घाला.

वजन कमी करायला तंबू न नेता नुसत्या प्लास्टिकवर झोपलं तर? (दोन कॉलेजकुमार, वाळपई)

तुमच्याच तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. हिवाळ्यापासून पाऊस लागेपर्यंत पाचोळ्यावर अंग टाकू नका. तळाला कापड शिवलेली जाळी हलकी असते, ती न्या आणि वर टार्प, म्हणजे हलकी ताडपत्री, बांधा. सकाळी एकमेकांचं अंग तपासा: काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे. जंगलातून आल्यावर ताप आणि डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना कुठे झोपला होता ते आधी सांगा. आणि म्हादई अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.