आईच्या बदललेल्या खुब्यात पू झालाय, डॉक्टर दोन ऑपरेशनं सांगतायत, एकात भागत नाही का?

भागतं कधीकधी, पण जंतू कुठला ते आधी कळलेलं असावं, त्याच्यावर चालणारं औषध असावं आणि आजूबाजूचं मांस-हाड बरं असावं लागतंय. नाहीतर दोनच. कारण जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, नुसत्या गोळ्या-इंजेक्शननं तो थर जात नाही. म्हणून पहिल्यांदा सांधा काढून, सगळं खरवडून, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे तात्पुरता सांधा, बसवतात, मग साधारण 6 आठवडे औषध, सीआरपी (रक्तातला सूज-संसर्ग दाखवणारा आकडा) खाली आला, जखम कोरडी झाली की नवीन सांधा, म्हणजे एकूण दोन-तीन महिने धरूनच चला. स्पेसर निसटू किंवा मोडू शकतोय, त्यामुळं वॉकर घेऊन सांगतील तेवढाच भार, आणि भारतीय संडास तर अजिबात नको. शुगर असली तर ती आधी आटोक्यात आणा, हे लोक फार हलक्यात घेतात बघा. आणि ताप-थंडी नसली तर सांध्यातलं पाणी तपासायला घ्यायच्या आधी मनानं अँटिबायोटिक सुरू करू नका, जंतू सापडतच नाही मग. खानापूर-निपाणीकडनं बेळगावला नाहीतर मिरजेला जाणार असाल तर जुन्या ऑपरेशनचे कागद आणि इम्प्लांटचं स्टिकर तेवढं सोबत न्या की.