‘हे सगळं सोड’ असं तिला सांगू का?

‘‘मॅडम, तुम्ही फक्त एकदा सांगा तिला, हे सगळं सोड म्हणून. आमचं ऐकत न्हाई, तुमचं ऐकंल.’’

शिरोळ तालुक्यातून सकाळची एसटी धरून आलेले ते वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. हातात मुलीच्या निकालाची चार घड्या घातलेली प्रिंट. बारावीपर्यंत कधी पहिल्या पाचाच्या बाहेर न गेलेली पोर, बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी दोन विषयांत केटी, म्हणजे नापास. निकाल जुलैत लागला होता, घरी कळला गणपतीत, तोही चुलतभावाकडून. वडिलांचा राग केटीवर कमी होता, लपवण्यावर जास्त होता. आणि सगळ्यात जास्त होता तो राष्ट्रीय सेवा योजनेवर. ‘‘दिसभर फोन. कधी झाडं लावायला, कधी प्रभातफेरी, कधी रक्तदान. आम्ही ऊस घालून फी भरायची आणि हिनं नदीवरची फुलं गोळा करायची?’’

मुलांच्या अभ्यासाच्या अडचणी मी ऐकते, आणि हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो. निकालानंतर येतो, आणि डिसेंबर-जानेवारीत शिबिरं, गॅदरिंग सुरू झाली की पुन्हा येतो. कधी सेवा योजना असते, कधी विद्यार्थी मंडळ, कधी एखादी संघटना. पालकांचं म्हणणं एकच असतं: बंद करायला लावू का? या मुलीला मी इथे रेवती म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला तिची आणि घरच्यांची संमती आहे.

रेवती आली ती सेवा योजनेचा बॅज लावूनच. मी त्याबद्दल विचारल्यावर चेहरा उजळला. ‘‘हे कोणार्कच्या रथाचं चाक आहे मॅडम. आठ आरे म्हणजे आठ प्रहर. चोवीस तास तयार राहायचं.’’ कोल्हापूरच्या मुली बोलतात तसं, ‘मी करतो, मी जातो’ असं बोलत तिने मला महिनाभराची कामं सांगितली. पंचगंगा घाटावर निर्माल्य गोळा करणं, विसर्जनाच्या इराणी खणीवर मूर्ती उतरवून घ्यायला मदत, महापालिकेला पत्र, चहाची बिलं, ग्रुपवरच्या सूचना. एक आजी गौरीची फुलं कुंडात टाकायला तयार नव्हत्या, ती पाण्यातच गेली पाहिजेत म्हणत होत्या. रेवती त्यांना म्हणाली, ‘‘आजी, ओंजळभर पाणी शिंपडा, नदीला दावा, आन् मग माझ्याकडं द्या. मी नीट ठेवतो.’’ आजींनी दिली. पुढच्या तासाभरात त्यांच्या गल्लीतल्या सगळ्या बायका हिच्याच कुंडाशी आल्या.

हे ऐकताना मला वाटलं, या मुलीकडे जे आहे ते बी.एस्सी.च्या कुठल्याच पेपरात मोजलं जात नाही. त्याच वेळी हेही दिसत होतं की तिच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे आणि बोलता बोलता ती चार वेळा फोनकडे बघते आहे.

पहिल्या भेटीत मी वेळापत्रक करून दिलं, आणि ती चूक होती. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, रविवारी उजळणी. दोन आठवड्यांनी ती आली तेव्हा कागदाला नुसत्या घड्या पडल्या होत्या, त्यावर एक खूण नव्हती. मी वेळेची अडचण समजले होते. अडचण वेळेची नव्हती.

मग आम्ही उलट केलं. गणपती धरून चार आठवड्यांत तिने कामाला किती तास दिले ते तिलाच मोजायला सांगितलं. बेरीज ९६ आली. सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं एक विशेष शिबिर. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबरला ही योजना सुरू झाली. ज्यांनी बॅजवर आठ प्रहर काढले त्यांनीच नियमात १२० तास लिहिले आहेत, हे मी तिला दाखवलं. ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली.

मी सहज विचारलं, ‘‘वर्गात कुठे बसतेस?’’

‘‘मागं. दाराजवळ. फोन आला तर पटकन बाहेर पडता येतं.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘आणि मागं बसलं की सर विचारत न्हाईत.’’

तिथून खरं ते बाहेर आलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी होती, पण शिकवणारे सर मराठीत फोड करून सांगायचे. पाठांतरावर निभावलं. इथे आल्यावर सगळं इंग्रजीत, तेही भरभर. ‘‘गणित येतं मला मॅडम. प्रश्नात काय मागितलंय तेच कळत न्हाई.’’ सुरुवातीला एकदा तिने उभं राहून मोडक्या इंग्रजीत शंका विचारली होती. दोघंतिघं हसले. त्यानंतर तिने त्या तासाला तोंड उघडलं नाही. आणि त्याच आठवड्यात सेवा योजनेच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, घाटावरच्या लोकांशी कोण बोलेल? हिचा हात वर गेला.

एका खोलीत ती मुकी होती, दुसऱ्या खोलीत तिच्या शब्दाला किंमत होती. अशा मुलीला ‘ते काम सोड’ म्हटलं तर तिच्याकडे काय उरतं? फक्त ती मुकी खोली. माझ्या अनुभवात, काम बळजबरीने सोडायला लावलेली मुलं त्या रिकाम्या तासांत पुस्तक उघडत नाहीत. ती कॉटवर पडून राहतात. हे मी पालकांना अगदी स्पष्ट सांगते.

‘‘सरांना जाऊन भेटशील?’’

‘‘नाही जमणार.’’

पण हीच मुलगी शिबिराला बस मागायला थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली होती. मी ते आठवून दिलं. ती म्हणाली, ‘‘ते मुलांसाठी होतं.’’

‘मी नव्हे, तुम्ही’ अशा अर्थाचं सेवा योजनेचं ब्रीद आहे. ते तिच्यात इतकं मुरलं होतं की स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की तिचा आवाजच फुटत नव्हता. त्यावर मी तिच्याशी वाद घातला नाही. विचारलं, ‘‘तुमच्या युनिटमध्ये याच विषयात केटी लागलेले किती जण असतील?’’ ती बोटांवर मोजायला लागली. सात. सगळे मराठी शाळांतून आलेले. ‘‘मग हेही मुलांसाठीच माग.’’

तिने अर्ज लिहिला. सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी एक वर्ग मिळवून दिला. एम.एस्सी.ला असलेला, स्वतः मराठी माध्यमातून आलेला एक दादा मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी शिकवायला तयार झाला. प्रश्नाचं इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहायचं, त्यातलं काय दिलंय आणि काय काढायचंय ते मराठीत सांगायचं, मग सोडवायचं. पहिल्या आठवड्यानंतर मी विचारलं, कुठे बसतेस? तर म्हणाली, ‘‘पुढं. हजेरी माझ्याकडं आहे ना, पुढं बसावंच लागतं.’’

एवढ्याने तास कमी होणार नव्हते. तो रस्ता तिच्या वडिलांनी दाखवला. दुसऱ्यांदा आले तेव्हा बोलता बोलता निघालं की ते स्वतः कोल्हापुरातल्या एका बोर्डिंगमध्ये राहून बारावी झालेले. कोल्हापूरला बोर्डिंगांची परंपरा शाहू महाराजांच्या काळापासूनची, १९०१ पासूनची. खेड्यातलं पोर शहरात टिकलं ते या आधारामुळे. मी विचारलं, ‘‘दादा, जेवणात वाढप कोण करायचं?’’

‘‘आम्हीच की. पाळ्या लावलेल्या असायच्या. माझी रविवारी.’’

‘‘रोज एकालाच लावलं असतं तर?’’

‘‘त्यो नापास झाला असता,’’ ते म्हणाले, आणि गप्प झाले. मग हळूच हसले. ‘‘पोरीला पाळी लावून दिली न्हाई व्हय कुणी?’’

नव्हती लावून दिली. शंभर जणांच्या युनिटमध्ये पत्रं, बिलं, परवानग्या सगळं हिच्या एकटीकडे होतं, कारण ती नाही म्हणत नव्हती आणि तिच्याकडून काम चोख होत होतं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. एफ.वाय.च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, दोघांना तिने महिनाभर बरोबर फिरवायचं आणि मग दोन कामं पूर्ण त्यांच्याकडे द्यायची, असं कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या संमतीने ठरलं.

पहिली स्वच्छता मोहीम त्या दोघांनी एकट्यांनी केली त्या संध्याकाळी रेवती माझ्याकडे आली आणि रडली. मला वाटलं काही बिघडलं. हातमोजे कमी पडले होते, बाकी मोहीम व्यवस्थित झाली होती. ‘‘मग?’’

‘‘मॅडम, मला एकही फोन आला न्हाई.’’

हे दुःख आपण लहान समजू नये. आपल्यावाचून अडत नाही हे कळणं कुठल्याही वयात कठीणच, आणि जिथे आपण कुणीतरी आहोत असं वाटतं अशी जगात एकच जागा असेल तर फारच. मी तिला रडू दिलं. नंतर तिला म्हटलं, तू शिकवलंस म्हणून त्यांना फोन करावा लागला नाही. हे तिला त्या दिवशी पटलं नाही. पुढच्या भेटीत ती स्वतःच म्हणाली की त्या दोघांना तिसऱ्या एकाला तयार करायला सांगितलं आहे.

पालकांनी विचारलं की मी हीच गोष्ट सांगते, पण सरसकट नाही. कामात पैसा फिरत असेल आणि पावती नसेल, एखाद्या पक्षाच्या सभेला गर्दी म्हणून मुलांना नेलं जात असेल, झोप आणि जेवण तुटत असेल, तर मी थांबायला सांगते, आणि लगेच सांगते. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीत पडलेल्या मुलांना लिंगडोह समितीच्या २००६ सालच्या शिफारशी वाचायला देते. उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के हवी आणि त्या वर्षी कुठलाही विषय राहिलेला नको, असं त्यात आहे. पुढारीपण करायचं असेल तरी वर्गातून सुटका नाही, हे आईवडिलांपेक्षा तो कागद बरं पटवतो. आणि निकाल लपवला म्हणून चिडलेल्या पालकांना आधी विचारते, शेवटचं कधी तुम्ही तिला मार्कांशिवाय काही विचारलं होतं? रेवतीच्या घरी घाटावरच्या त्या आजींची गोष्ट कुणाला ठाऊकच नव्हती. वडिलांना ती मी सांगितली तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि परत एकदा सांगायला लावली.

पुढच्या परीक्षेत एक केटी सुटली. दुसरी राहिली आहे, तिचा फॉर्म भरला आहे. संध्याकाळचा वर्ग चालू आहे, सातचे अकरा झालेत. शिबिराला ती गेली, सातही दिवस, पण स्वयंपाकघराचा हिशेब या वेळी दुसऱ्याकडे होता.

वडील दर रविवारी रात्री फोन करतात. पूर्वी पहिला प्रश्न ‘अभ्यास झाला का’ असायचा. आता, रेवती सांगते, ते विचारतात, ‘‘आज वाढप कुणाकडं होतं?’’