वाचकांचे प्रश्न : आर्मेनियात पाहुणे म्हणून जाताना

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी आणि माझे पती दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. येत्या सप्टेंबरमध्ये दहा दिवस आर्मेनियाला जाण्याचा आणि कोणत्याही पर्यटन कंपनीबरोबर न जाता आमचे आम्हीच फिरण्याचा विचार आहे. मठांच्या आणि चर्चच्या याद्या सगळीकडे मिळतात. आम्हाला तिथली माणसे, त्यांचे खाणेपिणे आणि घरे जवळून पाहायची आहेत. आम्ही शाकाहारी आहोत आणि मद्य घेत नाही. त्यामुळे कोणी आपुलकीने घरी बोलावले, तर त्यांचा अवमान तर होणार नाही ना? मुक्काम कुठे करावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : यजमानांच्या अवमानाच्या तुमच्या शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण याच भीतीपोटी अनेक शाकाहारी प्रवासी तिथली आमंत्रणे नाकारतात आणि त्या देशातल्या सर्वांत सुंदर गोष्टीला मुकतात. आर्मेनियन चर्चच्या परंपरेत उपवासाचे दिवस पुष्कळ आहेत आणि त्या दिवसांत मांसच नव्हे, तर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असतात. या उपवासाला ते ‘पास’ म्हणतात; आपल्या ‘उपास’ या शब्दामुळे तो सहज लक्षात राहील. त्यामुळे मांसाशिवायचा स्वयंपाक तिथल्या गृहिणीला मुळीच परका नाही. हरभरे, घेवडा आणि मसूर यांचे सारण कोबीच्या पानांत गुंडाळून केलेला ‘पासुत्स तोलमा’ हा तर खास उपवासाचाच पदार्थ आहे. रानातला आंबटचुक्यासारखा पाला वेण्या घालून वाळवतात आणि पुढे अक्रोड व लसूण घालून त्याचा पदार्थ करतात. त्याला ‘आवेलुक’ म्हणतात. दही आणि गहू यांचे ‘स्पास’ नावाचे गरम सार, अक्रोडाचे वाटण भरलेल्या वांग्याच्या गुंडाळ्या आणि अनेक पालेभाज्या भरून भाजलेली ‘झेंग्यालोव हात्स’ ही पोळी एवढे ठाऊक असले, तरी तुमची उपासमार होणार नाही. सावध राहायचे ते ‘हरिसा’पासून. ती दिसायला गव्हाच्या खिरीसारखी असली, तरी तिच्यात कोंबडीचे किंवा मेंढीचे मांस शिजवलेले असते.

मात्र आपण शाकाहारी आहोत हे ताटावर बसल्यावर नव्हे, आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. तिथे पाहुणा येणार म्हटले की घरातला पुरुष अंगणात निखारे पेटवून ‘खोरोवात्स’, म्हणजे मांस भाजण्याच्या तयारीला लागतो, आणि सगळे तयार झाल्यावर आपण हात आखडता घेतला तर त्याला खरोखर वाईट वाटते. ‘येस मिस चेम उतुम’, म्हणजे ‘मी मांस खात नाही’, हे वाक्य पाठ करून ठेवा. यातला ‘मिस’ आणि आपला ‘मांस’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, कारण आर्मेनियन भाषाही आपल्या भाषेप्रमाणे भारत-युरोपीय कुळातलीच आहे.

मद्याविषयीही चिंता नको. जेवणाच्या वेळी ‘तमादा’ म्हणून एक जण सूत्रे हाती घेतो आणि पाहुण्यांसाठी, आईवडिलांसाठी, मुलांसाठी, गेलेल्या माणसांसाठी असे एकेक मनोगत मांडत पेले उंचावले जातात. तुतीची किंवा जर्दाळूची घरगुती दारू आग्रहाने पुढे केली जाईल. छातीवर हात ठेवून सौम्यपणे नकार द्या आणि आपल्या पेल्यात फळांचे ‘कोंपोत’ किंवा ‘तान’ घ्या. तान म्हणजे जवळजवळ आपले ताकच. पेल्यात काय आहे यापेक्षा मनोगत चालू असताना तुम्ही खाणे थांबवून ऐकता की नाही, आणि तुमची पाळी आल्यावर मनापासून दोन वाक्ये बोलता की नाही, याकडे यजमानांचे लक्ष असते. त्या दोन वाक्यांची तयारी मराठीतून करून गेलात तरी चालेल. अनुवाद करणारे कोणी ना कोणी टेबलाशी सापडतेच.

आता मुक्कामाचे. दहा दिवसांत सारा देश पाहण्याचा हट्ट धरू नका. माझे स्पष्ट मत असे, की राजधानी येरेवान, उत्तरेकडचे दिलिजान आणि दक्षिणेकडचे येघेग्नाद्झोर या तीन ठिकाणीच राहावे आणि प्रत्येक ठिकाणी निदान एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. दक्षिणेचा तातेव मठ आणि तिथे नेणारा पावणेसहा किलोमीटरचा रज्जुमार्ग कितीही प्रसिद्ध असला, तरी येरेवानहून एका दिवसात जाऊन येण्याच्या धावपळीत वेळ फक्त गाडीत जातो; जायचेच असेल तर गोरिस गावात रात्रीचा मुक्काम करा. हॉटेलांपेक्षा घरगुती अतिथिगृहे निवडा. तिथे राहण्याचे पैसे ठरवून द्यायचे असतात, त्यात संकोच नको. परंतु कोणी घरी जेवायला बोलावले असेल तर पैशाची गोष्टही काढू नका.

येरेवानमध्ये मातेनादारान हे हस्तलिखितांचे भांडार सावकाश पाहा. इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी आर्मेनियन लिपी घडवली आणि तिच्यातल्या ग्रंथांना या लोकांनी घरातल्या माणसासारखे जपले. तिथला मुश गावचा सुमारे २८ किलो वजनाचा ग्रंथ ऑटोमन तुर्कांनी केलेल्या १९१५ च्या आर्मेनियनांच्या संहारातून पळणाऱ्या दोन स्त्रियांनी दोन भाग करून वाचवला. शिक्षक म्हणून तुम्हा दोघांना त्या ग्रंथासमोर काय वाटेल, याची मी कल्पना करू शकतो.

गार्नीचे प्राचीन मंदिर आणि गेघार्दचा मठ ही जोडी येरेवानहून एका दिवसात आरामात होते. गार्नी परिसरात ‘लवाश’ ही पातळ पोळी भाजणाऱ्या बायका दिसल्या तर थांबा. जमिनीत पुरलेल्या ‘तोनिर’ या तंदूरभोवती त्या बसतात. एक लाटते, दुसरी ती पोळी हातावर झुलवत पातळ करून उशीवर ताणते आणि तोनिरच्या आतल्या भिंतीवर थापते. आपल्याकडे पापड लाटायला शेजारणी जमत आणि हातांबरोबर गप्पाही चालत, तसेच हे काम असते. वाळवलेली लवाश महिनोन्‌महिने टिकते आणि खाण्यापूर्वी पाणी शिंपडून मऊ करतात. २०१४ मध्ये युनेस्कोने लवाशला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. गरम लवाशमध्ये चीज आणि हिरवा पाला गुंडाळून तुमच्या हातात दिला जाईल. तो उभ्यानेच खा. गेघार्दच्या दाराशी ‘गाता’ ही गोड भाकरी विकणाऱ्या बायका चव पाहायला तुकडा देतात. विकत घ्यायची नसली तरी तुकडा नाकारू नये.

गेघार्दची काही देवालये कातळात कोरलेली आहेत. वेरूळ पाहिलेल्या माणसाला तिथे पाऊल ठेवताच ओळखीचा गारवा जाणवतो. मेणबत्ती विकत घेऊन वाळूच्या तबकात लावा आणि बाहेर पडताना वेदीकडे पाठ न करता उलट पावलांनी निघणाऱ्या लोकांचे अनुकरण करा. आपणही देवाकडे पाठ करत नाही, त्यामुळे हे तुम्हाला शिकवावे लागणार नाही.

येघेग्नाद्झोरजवळ अरेनी गाव आहे. तिथल्या गुहेत सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीचे चामडी पादत्राण सापडले आणि सहा हजार वर्षांपूर्वी द्राक्षांपासून मद्य तयार केले जात असल्याच्या खुणाही मिळाल्या. तुम्ही मद्य घेत नसलात, तरी सप्टेंबर हा द्राक्षे काढण्याचा काळ आहे. अक्रोडांच्या माळा द्राक्षरसाच्या पाकात बुडवून केलेला गोड ‘सुजुख’ तिथे रस्त्याच्या कडेला टांगलेला दिसेल. तो जरूर घ्या.

आणि कोणी ‘सुर्च’साठी, म्हणजे कॉफीसाठी थांबवले, तर घड्याळ पाहू नका. लांब दांड्याच्या लहान भांड्यात उकळलेली ती कॉफी इवल्याशा कपात येते, पण तिच्या मागोमाग सुकवलेले जर्दाळू, मुरंबे आणि शेजारीपाजारीही येतात. तुमचा मोकळा ठेवलेला दिवस अशाच वेळी कामी येईल.

प्रश्न : आमची मुलगी येरेवानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत आहे. तिच्या आर्मेनियन मैत्रिणीच्या आईने आम्हाला जेवायला बोलावले आहे. सोबत काय न्यावे आणि कोणते विषय टाळावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फुले नेणार असाल तर ती विषम संख्येत न्या, सम संख्येतली फुले अंत्यविधीसाठी असतात. त्यांच्यासोबत घरच्या लाडवांचा किंवा चिक्कीचा डबा द्या. दाराशी बूट काढावेत.

विषय टाळण्यापेक्षा ऐकण्याची तयारी ठेवा. १९१५ च्या नरसंहारात ज्याच्या कुळातले कोणी गेले नाही, असे घर तिथे शोधावे लागेल, आणि २४ एप्रिलला सारे शहर फुले घेऊन त्सित्सेर्नाकाबेर्दच्या स्मारकाकडे चालत जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने ताब्यात घेतलेल्या नागोर्नो-काराबाख या प्रदेशातून एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक घरेदारे सोडून आले. तुमच्या यजमानांकडेही त्यांतले कोणी आप्त असू शकेल. आपण होऊन खोदून विचारू नका, पण त्यांनी सांगायला घेतले तर विषय बदलू नका. खिडकीतून अरारात दिसत असेल तर तो पर्वत आज तुर्कस्तानात आहे, याची आठवण त्यांना करून देण्याची गरज नसते.

सांगण्यासारखे तुमच्याजवळही पुष्कळ आहे. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझ्दारार’ १७९४ मध्ये मद्रासमध्ये निघाले, आणि मुंबईच्या फोर्ट भागात १७९६ मध्ये आर्मेनियन व्यापाऱ्यांचे सेंट पीटर चर्च उभे राहिले. जाण्यापूर्वी फोर्टमध्ये एक चक्कर मारून त्या चर्चचे छायाचित्र घेऊन गेलात, तर ते कोणत्याही भेटवस्तूपेक्षा अधिक आवडेल.

एक शब्दप्रयोग मात्र आधीच समजून घ्या. मैत्रिणीची आई तुमच्या मुलीला बोलता बोलता ‘त्साव्त तानेम’ म्हणेल. त्यातला ‘त्सा’ आपल्या ‘चाक’मधल्या ‘चा’सारखाच आहे, त्यामुळे मराठी जिभेला तो जड जात नाही. अर्थ असा, की ‘तुझे दुखणे मी घेऊन जाईन’. आपल्याकडची आजी नातवंडाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडते आणि इडापिडा स्वतःवर घेते, तेच हे बोलणे. त्यावर येरेवानमधली सगळी माणसे म्हणतात तसे नुसते ‘मेर्सी’ म्हटले तरी पुरते.